महाराजांच्या नावाने बिटकॉइन विकणाऱ्यांना

बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. तुमच्याकडेही आला असेल. नसेल तर थोडक्यात सांगतो. बिटकॉइन हे डिजिटल सोनं, नाणी फक्त २ कोटी १० लाख निघणार, म्हणून भाव चढतच राहणार. सरकारने कर लावला, म्हणजे ते अधिकृत झालं. ब्लॉकचेन, म्हणजे बिटकॉइनचे व्यवहार साखळीसारखे नोंदणारी, अनेक संगणकांवरची सामाईक वही, कुणालाही हॅक करता येत नाही, उद्या सातबाराही तिच्यावरच येणार. बँका बंद पडणार. सयाजीराव महाराज आज असते तर त्यांनी बँकेऐवजी बिटकॉइनच काढला असता. आणि हे सगळं वाचून झालं की तळाशी खरं काम: रविवारी अलकापुरीतल्या हॉटेलात मोफत सेमिनार, महिना ५ टक्के परतावा, जागा मर्यादित.

माझा धंदा लोकांची इन्कम टॅक्स रिटर्नं भरण्याचा. असल्या मेसेजांचा निकाल जुलै महिन्यात माझ्या टेबलावर येतो, म्हणून उत्तर देतोय.

महाराजांपासूनच सुरुवात करू, कारण त्यांचं नाव आलं की बडोद्यात पुढचं कुणी तपासत नाही. संस्थानाचं स्वतःचं नाणं होतं, बाबाशाही रुपया. शेजारच्या इंग्रजी मुलखात चालायचा कलदार. एकाचे दुसऱ्यात करायचे तर सराफाला वटाव द्यावा लागे, आणि दर कधी स्थिर नसे. १८९३ साली इंग्रज सरकारने आपल्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या, म्हणजे चांदी देऊन कलदार पाडून घेता येईना. चांदीचा भाव पडत गेला, कलदार सावरला आणि बाबाशाही त्याच्यापुढे घसरत राहिला. मुंबईहून माल आणणाऱ्याला कलदारात पैसे मोजायचे, पण गिऱ्हाईक देणार बाबाशाहीत. मधला फरक कुणाच्या डोक्यावर बसणार, हे आधी कुणालाच सांगता येत नसे. शेवटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराजांच्या सरकारने बाबाशाही मागे घेऊन कलदार स्वीकारला. स्वतःच्या दरबारचं नाणं बंद करायचं, म्हणजे मानाचा प्रश्न. तरी केलं. आणि १९०८ साली बँक ऑफ बडोदा काढली, ती ठेवी गोळा करून व्यापारउद्योगाला कर्ज मिळावं म्हणून.

थोडक्यात, ज्यांच्या नावाने बिटकॉइन खपवताय त्यांनी चढउताराचं नाणं चालू केलं नव्हतं, बंद केलं होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९,००० डॉलरच्या आसपास होता. पुढच्या नोव्हेंबरात १६,०००च्या खाली. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये त्याने लाखाचा टप्पाही ओलांडला, हे लपवायचं कारण नाही. पण असल्या नाण्यात पगार घ्यायला किंवा घरभाडं ठरवायला कोण तयार होईल?

आता डिजिटल सोनं. २ कोटी १० लाखांची मर्यादा खरी आहे. पण वस्तू कमी आहे म्हणून ती महाग होत नाही, ती हवी असणारे लोक लागतात. माझ्या कविताही मर्यादितच आहेत. शिवाय बिटकॉइनची संगणक-आज्ञावली सगळ्यांना खुली असल्याने तसंच दुसरं नाणं कुणीही काढू शकतो. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यातूनच फुटून बिटकॉइन कॅश निघाला, आणि आज अशी हजारो नाणी आहेत. सोन्याची परीक्षा वाईट काळात होते. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, जगभर महागाई भडकली. त्या वर्षी आपल्याकडे रुपयात सोनं वाढलं. बिटकॉइन वर्षभरात ६० टक्क्यांहून जास्त पडला. आपल्या घडियाळी पोळ या गल्लीतल्या कुठल्याही सोनाराला विचारा, याला सोनं म्हणाल का.

मुळात त्यातून काही पिकत नाही. घराला भाडं येतं, ठेवीला व्याज, कंपनीच्या शेअरला लाभांश. बिटकॉइनमधला तुमचा नफा म्हणजे तुमच्यानंतर जास्त भावाने घेणाऱ्याच्या खिशातले पैसे. त्यातून ही साखळी चालवणाऱ्या संगणकांची वीज आणि एक्स्चेंजची, म्हणजे नाणी घेण्या-विकण्याच्या बाजाराची, फी वजा.

बँका बंद पडण्याचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. बिटकॉइनच्या मूळ साखळीवर सेकंदाला साधारण ७ व्यवहार होतात. यूपीआयवर ऑगस्ट २०२३ मध्येच महिन्याला १,००० कोटींहून जास्त झाले, म्हणजे सेकंदाला साडेतीन हजारांच्या पुढे. एल साल्वादोर देशाने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं होतं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घ्यायची वेळ आल्यावर जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून दुकानदारांवरची सक्ती काढली.

कराच्या मुद्द्यावर मात्र थांबतो, कारण इथे लोक खरोखर बुडतात. कर लावला म्हणजे मान्यता दिली असं होत नाही. आयकर कायदा बेकायदा कमाईवरही कर मागतो. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी क्रिप्टोवाल्यांना, म्हणजे बिटकॉइनसारख्या नाण्यांचा व्यवहार करणाऱ्यांना, बँकसेवा देऊ नका असं सांगणारं रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक रद्द केलं, तेही बँकसेवा तोडण्याचा उपाय प्रमाणाबाहेरचा होता म्हणून. क्रिप्टो चांगलं की वाईट, याचा निकाल त्यात नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरळ ३० टक्के आणि वर सेस. जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस.

खरी मेख पुढे आहे. समजा एका नाण्यात तुम्हाला १ लाख सुटले आणि दुसऱ्यात १ लाख बुडाले. घरी आलं शून्य. तरी कर ३१,२०० रुपये, कारण एकाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करू देत नाहीत आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. हे समजावून सांगताना समोरच्याचा चेहरा बघावा लागतो. त्याला वाटतं, मीच काहीतरी चुकीचं भरतोय.

ब्लॉकचेन हॅक होत नाही, हे अर्धं खरं. मोठ्या साखळीतली जुनी नोंद गुपचूप बदलणं अतिशय अवघड आहे. पण चोराला तिथे जायची गरजच पडत नाही. तो तुमची किल्ली, म्हणजे नाणी हलवायचा गुप्त आकडा, चोरतो किंवा एक्स्चेंजची तिजोरी फोडतो. २०१४ मध्ये जपानमधलं माउंट गॉक्स हे एक्स्चेंज सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन हरवून बसलं. आपल्याकडे वझीरएक्स या एक्स्चेंजमधून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २,००० कोटींचं क्रिप्टो गेलं आणि लोकांची नाणी वर्षाहून जास्त अडकून पडली. त्यात ना ठेव विमा, ना लोकपाल. ‘नोंद कधीच बदलत नाही’ म्हणाल, तर २०१६ मध्ये इथेरियम या दुसऱ्या नाण्याच्या साखळीवर मोठी चोरी झाली तेव्हा बहुतेकांनी मिळून साखळीच वेगळी वळवली आणि ती चोरी रद्द केली. चांगलं केलं. पण मग ‘ब्लॉकचेन असली की माणसांवर विश्वास ठेवायची गरज नाही’ या दाव्याचं काय?

आणि सातबारा. जमिनीचे तंटे लिहिलेलं कुणीतरी मागाहून खोडतं म्हणून क्वचितच होतात. पेढीनाम्यात, म्हणजे वारसांच्या यादीत, लग्न झालेल्या बहिणीचं नाव मुळात लिहिलंच जात नाही, तिथून ते सुरू होतात. ती खोटी नोंद ब्लॉकचेनवर चढवली की खोटी ती खोटीच, फक्त आता पुसायला जास्त त्रास. याचा अनुभव सगळ्यांच्या खिशात आहे. दूरसंचार नियामक ट्रायने २०१८ च्या नियमांनी जाहिरातींच्या एसएमएसची नोंदणी ब्लॉकचेनच्याच जातीच्या व्यवस्थेवर आणली. कंपन्यांना मेसेजचा मसुदा आधी नोंदवावा लागतो. ठग नोंदणीच्या भानगडीत पडत नाही, साध्या दहा आकडी नंबरावरून फोन करतो.

राहिला महिना ५ टक्के. चक्रवाढीने हे वर्षाला जवळपास ८० टक्के होतात. बिटकनेक्ट नावाची योजना याहून कितीतरी जास्त दाखवत होती, जानेवारी २०१८ मध्ये कोसळली. तिचा संस्थापक सुरतेचा. सुमारे २४० कोटी डॉलरच्या फसवणुकीचे आरोप अमेरिकी सरकारने त्याच्यावर २०२२ मध्ये ठेवले. गेनबिटकॉइन या योजनेचा गाजावाजा पुण्यात अनेकांना आठवत असेल: महिना १० टक्के, १८ महिने. दोन्हीकडे माणसं ओळखीच्या माणसांनीच आणली होती. भाचा, ऑफिसातला सहकारी, भिशीतली मैत्रीण.

मेसेजच्या तळाशी दिलेल्या नंबरावर मी विचारलं, हे ५ टक्के कोणत्या व्यवहारातून येतात ते लेटरहेडवर लिहून द्याल का, मला अशिलांना दाखवायचंय. उत्तर आलं: “काका, तुम्ही रविवारी या तर खरं, जेवण आमच्याकडे.”