बेबी मॉनिटरचा पडदा कोणाच्या हाती असावा : नांदेडच्या वाचकांच्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

लहान मुलांवर घरात लक्ष ठेवण्यासाठी बिनतारी व्हिडिओ मॉनिटर कसा निवडावा, या माझ्या लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपला मुख्य आक्षेप असा की, दीड-दोन हजार रुपयांत वायफाय कॅमेरा मिळत असताना त्याच्या तिप्पट-चौपट किमतीचा, स्वतंत्र पडदा असलेला आणि इंटरनेटशी संबंध नसलेला मॉनिटर सुचवून मी वाचकांना खर्चात पाडले. आपण स्वतः असा कॅमेरा लावला आहे आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसून आपल्याला सव्वा वर्षाचा मुलगा मोबाइलवर दिसतो. वेष्टनावर छापलेला ३०० मीटरचा पल्ला मी शहानिशा न करता लेखात उतरवला, असाही आपला आरोप आहे. आणि शेवटी आपण विचारले आहे की, ज्या घरात आजी आहे त्या घरात असली खेळणी लागतातच कशाला?

पल्ल्याबाबतचा आरोप मला मान्य आहे. ते ३०० मीटर मोकळ्या मैदानातले असतात, मध्ये एकही आडोसा नसताना मोजलेले; हे मला ठाऊक होते, तरी लिहायचे राहिले. मी लातूरला तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहते. तिथल्या चार इंची भिंतींमधून चित्र सहज येत होते, म्हणून पुढे पाहिले नाही. आपली प्रतिक्रिया आल्यावर मात्र तो मॉनिटर उदगीर तालुक्यातल्या सासरच्या वाड्यात नेऊन पाहिला. वाड्याच्या दगड-मातीच्या भिंती दोन-अडीच फूट रुंद आहेत, वर माळवद आहे आणि मागच्या गोठ्यावर पत्रे आहेत. कॅमेरा माजघरात ठेवून मी पडदा हातात घेतला आणि चालत निघाले. पुढे ढाळजेपर्यंत चित्र नीट आले. मागे परसात उतरताच ते थिजले आणि गोठ्यापाशी पोहोचेपर्यंत संपर्क तुटल्याचा इशारा वाजू लागला. माजघरापासून तिथवरचे अंतर पंचवीस पावलेसुद्धा भरणार नाही.

याचे कारण साधे आहे. हे बहुतेक मॉनिटर २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतात आणि त्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते. विटांची पातळ भिंत ती ओलांडते, दगड-मातीच्या जाड भिंतीत ती पार क्षीण होते, पत्र्यावरून मागे फिरते आणि पाणी तिला शोषून घेते. टंचाईच्या दिवसांत आपण घराच्या एका बाजूला पाण्याची पिंपे भरून ओळीने मांडतो, ती ओळ या लहरीच्या दृष्टीने आणखी एक भिंतच असते. (किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव पट्ट्यात पुनर्वसनात जी घरे उभी राहिली, त्यांच्या भिंती जुन्या वाड्यांपेक्षा कितीतरी पातळ आहेत, तिथे हाच मॉनिटर वेगळा अनुभव देईल.) म्हणून छापील आकड्यावर विसंबू नये, विकत घेताना परत करण्याची मुदत विचारून घ्यावी आणि त्या मुदतीत कॅमेरा लेकरू झोपते तिथे ठेवून, पडदा हातात घेऊन, ज्या ज्या ठिकाणी आपले काम चालते तिथवर चालून पाहावे. आपला वायफाय कॅमेराही सहसा याच पट्ट्यात चालतो, त्यामुळे भिंती त्यालाही तितक्याच आडव्या येतात. फरक एवढाच की राउटर घराच्या मध्यावर नेता येतो किंवा दुसरा राउटर जोडून पल्ला वाढवता येतो. ही वायफायची जमेची बाजू मी लेखात सांगायला हवी होती.

आता मुख्य आक्षेपाकडे येते, कारण तिथे मी माझ्या मतावर ठाम आहे. आपणच लिहिले आहे की, एका दुपारी मुलगा पलंगाच्या कडेला सरकताना आपल्याला दुकानातून दिसला. आपण घरी फोन लावला, पण आईंचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. मग शेजारी फोन केला, शेजारीण धावत गेली आणि तोवर मुलगा पालथा होऊन पायांनी चाचपडत स्वतःच खाली उतरला होता. आपण हा प्रसंग कॅमेऱ्याच्या बाजूचा पुरावा म्हणून दिला आहे. मला तो उलट बाजूचा वाटतो. त्या घटकेला ज्यांना मुलगा दिसत होता ते काही किलोमीटरवर होते आणि ज्या दहा पावलांवर होत्या, त्यांना काहीच दिसत नव्हते. मॉनिटर निवडताना किंमत, पडद्याचा आकार, चित्राची स्पष्टता हे सगळे प्रश्न मागाहून यावेत. आधी हे ठरवावे की लेकरू रडले तर उठून त्याच्यापर्यंत कोण जाणार आहे, आणि ती व्यक्ती त्या वेळी घरात कुठे असणार आहे. पडदा तिच्या हाती हवा. आपल्या घरात ती व्यक्ती म्हणजे आपल्या आई, आणि त्यांना ॲप उघडता येत नाही, असे आपणच लिहिले आहे. स्वतंत्र पडद्याच्या मॉनिटरला ॲप नसते, पासवर्ड नसतो; एक बटण दाबले की चित्र दिसते आणि रडण्याचा आवाज ऐकू येतो. मी जादा पैसे मोजायला सांगितले ते या एका सोयीसाठी.

दुसरे कारण विजेचे. लाइट गेली की राउटर बंद पडतो. तो इन्व्हर्टरवर असला तरी इन्व्हर्टरच्या बदलाच्या क्षणात पुष्कळ राउटर नव्याने सुरू होतात आणि त्यांना पूर्ववत व्हायला मिनिट-दोन मिनिटे लागतात. मग कॅमेरा पुन्हा जोडला जातो, मग ॲप. इंटरनेट पुरवणाऱ्याच्या टोकाला वीज नसेल तर आपल्या घरातल्या इन्व्हर्टरचा काहीच उपयोग होत नाही. मॉनिटरच्या पडद्यात बॅटरी असते, काही कॅमेऱ्यांतही असते, आणि दोघे एकमेकांशी थेट बोलतात. कॅमेऱ्यात बॅटरी नसेल तर निदान पडदा लगेच इशारा देतो. मोबाइलवरचे चित्र मात्र पुष्कळदा शेवटच्या दृश्यावरच अडकून राहते आणि लेकरू शांत झोपले आहे, असा भास होतो. मला या खोट्या शांततेची अधिक भीती वाटते.

सुरक्षिततेच्या मुद्द्यावर आपण लिहिले आहे की आपल्यासारख्या साध्या माणसाच्या घरात कोण डोकावणार. डोकावणारे नाव-गाव पाहून येत नाहीत. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत ट्रेंडनेट कंपनीच्या सुमारे ७०० ग्राहकांच्या कॅमेऱ्यांची थेट चित्रे इंटरनेटवर उघडी पडली. त्यांत पाळण्यात झोपलेली बाळेही होती, आणि पुढच्या वर्षी तिथल्या व्यापार आयोगाने त्या कंपनीवर कारवाई केली. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते केवळ कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून असे सरसकट सारखे पासवर्ड घालून उपकरणे विकायला बंदीच केली. थेट जोडीने चालणारा डिजिटल मॉनिटर सेकंदाला अनेक वेळा वारंवारता बदलत राहतो आणि मुळात इंटरनेटवर नसतोच, त्यामुळे त्यात डोकावायला माणूस आपल्या घराजवळ यावा लागेल. जुन्या ॲनालॉग मॉनिटरला हे लागू नाही; त्यांचे चित्र शेजारच्या घरातल्या तशाच पडद्यावर दिसू शकते, म्हणून वापरलेले जुने यंत्र कोणी फुकट दिले तरी आधी ते डिजिटल आहे का, हे विचारावे.

बाहेरच्यांपेक्षा घरातल्यांचा प्रश्न मला अधिक नाजूक वाटतो. आपण सहज लिहून गेलात की ॲप आपल्या मोबाइलवर आहे, पुण्याच्या भावाकडे आहे आणि बहिणीकडेही आहे. ज्या खोलीत लेकरू झोपते, त्याच खोलीत त्याची आई त्याला अंगावर पाजते, केस विंचरते, दुपारी घटकाभर पाठ टेकते. तिला विचारून हे तीन मोबाइल जोडले होते का, एवढेच मला आपल्याला विचारायचे आहे. आजीच्या हातातला पडदा घराच्या चार भिंतींत राहतो आणि खोलीतली आई कॅमेऱ्याचे तोंड हाताने भिंतीकडे वळवू शकते.

आजी असताना हे खेळणे कशाला, हा आपला प्रश्न मला टाळायचा नाही. आजी खोलीत बसून असेल तर काहीच नको. एक वर्षाच्या आतल्या बाळाने रात्री आई-वडिलांच्या खोलीतच, पण स्वतंत्र सपाट अंथरुणावर पाठीवर झोपावे, निदान पहिले सहा महिने तरी, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची अकादमीही सांगते. आपल्याकडे लेकरू वेगळ्या खोलीत झोपवण्याची रीतच नाही, त्यामुळे रात्री मॉनिटरची गरज क्वचित पडते. गरज पडते ती दुपारी, जेव्हा आजी भाकरी थापत असतात, माळवदावर पापड-कुरडया वाळत घालत असतात किंवा नळाला पाणी आले म्हणून परसात धावलेल्या असतात. तेवढ्या अर्ध्या-पाऊण तासापुरतेच हे यंत्र आहे. श्वास आणि प्राणवायू मोजण्याचा दावा करणारे मोजे-पट्टे यांच्याविषयी मी लेखात एक ओळही लिहिली नाही, ती मुद्दामच. झोपेतला आकस्मिक बालमृत्यू टळावा म्हणून घरी अशी यंत्रे वापरू नयेत, असे तीच अकादमी सांगते.

आपल्या भागातल्या तीन गोष्टी मात्र लेखात हव्या होत्या आणि त्या आपल्या प्रतिक्रियेमुळे आठवल्या. पहिली झोळी. साडीच्या झोळीत लेकरू असेल तर समोरून कॅमेऱ्याला फक्त हलणारे कापड दिसते, आणि हालचाल ओळखून इशारा देणारी सोय झोळीच्या प्रत्येक हेलकाव्याला वाजत राहते. वरून दिसावे म्हणून कॅमेरा आढ्याला बांधण्याचा मोह अजिबात होऊ देऊ नये; तो किंवा त्याची वायर खाली आली तर अनर्थ होईल. झोळीच्या झोपेला आवाजावरच विसंबावे. दुसरी मच्छरदाणी. अंधारात कॅमेरा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशावर पाहतो. जाळी जवळ असेल तर तो प्रकाश जाळीवरूनच परततो आणि पडद्यावर पांढरे धुके दिसते. कॅमेरा जाळीपासून दूर सरकवून आणि किंचित तिरपा लावून पाहावा. त्याने भागले नाही तर खोलीत मंद दिवा ठेवून कॅमेऱ्याचा अवरक्त दिवा बंद करता येतो का, ते पाहावे. तिसरा कूलर. आवाज झाला तरच पडदा जागा करणारी सोय बॅटरी वाचवते, पण पत्र्याच्या कूलरच्या घरघरीत ती एकतर सतत जागी राहते, नाहीतर संवेदनक्षमता कमी केल्यावर रडणेही तिला ऐकू येत नाही. एप्रिल-मे मध्ये ती सोय बंद करून पडदा सतत चालू ठेवावा. परभणी-नांदेडकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, आणि यातली बरीच उपकरणे ४० अंशांपर्यंतच चालतील असे त्यांच्या पुस्तिकेत लिहिलेले असते; तेव्हा पडदा उन्हाच्या खिडकीत किंवा पत्र्याखाली चार्जिंगला ठेवू नये.

वायरविषयी लेखात होते, तरी पुन्हा लिहिते, कारण आपल्या वर्णनावरून कॅमेरा पलंगाच्या उशाकडच्या खिळ्यावर आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेत समर इन्फंट कंपनीच्या सुमारे १७ लाख व्हिडिओ मॉनिटरबाबत ग्राहकांना इशारा देऊन नवी सूचनापट्टी द्यावी लागली, कारण पाळण्याजवळ आलेली वायर गळ्याभोवती आवळून दोन बाळे दगावली होती. कॅमेरा आणि त्याची वायर अंथरुणापासून किमान तीन फूट, म्हणजे साधारण एक मीटर दूर असावी. आपला मुलगा आता उभा राहून हात पोहोचवू शकतो, म्हणून आज संध्याकाळीच तो खिळा बदलावा, ही विनंती.

नवा मॉनिटर लगेच घ्या, असे मी म्हणणार नाही. आहे त्या कॅमेऱ्यातही आईंची सोय करता येण्याजोगी आहे. घरात पडून असलेला जुना स्मार्टफोन आईंच्या कामाच्या जागी, ओट्यापासून दूर, भिंतीला टेकवून ठेवावा आणि त्यात फक्त कॅमेऱ्याचे ॲप उघडे ठेवावे. मग राउटरमधून इंटरनेटची वायर काढून, फोनचा डेटा बंद करून, केवळ घरच्या वायफायवर चित्र येते का, ते तपासावे. काही कॅमेरे असे चालतात, काही बाहेरच्या सर्व्हरशिवाय मुके होतात. चालला तर पासवर्ड बदला, आतला प्रोग्रॅम अद्ययावत करा, आणि राउटर इन्व्हर्टरवर घेऊन एकदा मुख्य कळ बंद करून किती वेळाने चित्र परत येते ते घड्याळ लावून मोजा. पल्ल्याचा परिच्छेद मी आज दुरुस्त केला असून झोळी, मच्छरदाणी आणि कूलर यांची भरही घातली आहे. आपल्या कॅमेऱ्याचे मोजमाप कळवलेत तर वायफायचा परिच्छेद त्यानुसार पुन्हा लिहीन.