यूजिंग रजिस्टर भरत नाही हो!

आयबीएमच्या मोठ्या संगणकांच्या असेंब्ली भाषेवरचा 'मेनफ्रेम असेंब्ली पाच ओळींत' हा फॉरवर्ड दोनदा आला तेव्हा मी गप्प बसले. पण काल भाचीने अंधेरीहून लोकलमधूनच फोन केला, "मावशी, त्यात लिहिलंय तसंच केलं आणि प्रोग्राम उडाला!"

त्यातली सर्वांत घातक ओळ: "यूजिंग लिहिलं की बेस रजिस्टरमध्ये पत्ता आपोआप भरला जातो." अहो, कोण भरतं? बेस रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधला तो कप्पा, ज्यातल्या पत्त्यापासून अंतरं मोजतात. यूजिंग म्हणजे असेंबलरला (प्रोग्रामचा मशीन कोड करणाऱ्याला) दिलेली नुसती हमी, की रजिस्टर १२मध्ये या जागेचा पत्ता असेल, त्या हिशेबाने अंतरं काढ. त्यातून मशीन कोडचा एक बाइटही निघत नाही. डेटा तिथून ३०० बाइटवर असेल, तर सूचनेत 'रजिस्टर १२, अंतर ३००' एवढंच जातं; बेरीज प्रोसेसर करतो, तीही प्रोग्राम चालताना. रजिस्टर भरायचं आपण, यूजिंगच्या आधी बीएएलआर १२,० (पुढच्या सूचनेचा पत्ता रजिस्टर १२मध्ये भरणारी सूचना) लिहून. भाचीने नेमकी तीच ओळ 'जास्तीची' म्हणून काढली होती. असेंबली बिनचूक, आणि रनला एस-झीरो-सी-फोर, म्हणजे नको त्या पत्त्याला हात लावल्याने प्रोग्राम बंद. तेही नशीबच. रजिस्टरमधला कचरा एखादा चालणारा पत्ता निघाला असता, तर भलत्याच डेटावर लिहिलं गेलं असतं आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

"डम्पमधला पत्ता लिस्टिंगमध्ये शोधा." शोधा, जन्मभर! डम्प म्हणजे प्रोग्राम उडतानाची मेमरीची नक्कल, लिस्टिंग म्हणजे असेंबलरने छापलेला प्रोग्राम. लिस्टिंग शून्यापासून मोजतं, प्रोग्राम जागा मिळेल तिथे लोड होतो. पीएसडब्ल्यूत (प्रोसेसर कुठल्या पत्त्यावर आहे ती नोंद) हेक्स, म्हणजे सोळाच्या पायाचे, ४७१४६ आणि लोड पॉइंट ४७०००, तर वजा करून १४६. एस-झीरो-सी-सेव्हनला (आकड्याच्या जागी भलताच डेटा) पीएसडब्ल्यू पुढच्या सूचनेवर असतो. म्हणजे सहा बाइटची सूचना असेल तर घोळ १४०वर.

"प्रोग्राम ४०९६ बाइटपुढे जात नाही." अंतराला १२ बिट, म्हणून एका बेसची मजल ४०९५पर्यंत. दुसरा बेस घ्या. रिलेटिव्ह जंपला (स्वतःच्या जागेपासून मोजून उडी मारणाऱ्या सूचनेला) तर बेसच नको, दोन्हीकडे ६४ के.

"पत्ते अ‍ॅब्सोल्युटच असतात." म्हणजे बेसविना, थेट. यात कणभर तथ्य आहे, मान्य करते. आयबीएमचं 'प्रिन्सिपल्स ऑफ ऑपरेशन' हे मॅन्युअल सांगतं की बेसच्या जागी शून्य असेल तर रजिस्टर ० वाचलंच जात नाही, बेस शून्य धरतात. म्हणून पत्ता १६वरून सीव्हीटीचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुख्य तक्त्याचा) पत्ता बेसशिवाय उचलता येतो. पण ही सोय तळाच्या ४ केपुरती. आणि याच नियमाने "रजिस्टर ० मोकळं असतं, तेच बेस घ्या" ही पाचवी ओळही बाद.

हा फॉरवर्ड टीम लीडने पाठवला होता, हे भाचीने गोरेगाव आल्यावर सांगितलं.