खुलासा: कुलंटच्या टाकीत ब्लीच ओतू नका

‘सोमवारी सकाळी सीएनसी मशिनच्या कुलंटला सडक्या अंड्यांचा वास आला, तर टाकीत थोडं ब्लीच किंवा फिनाईल टाका, काम झालं,’ असा मेसेज वर्कशॉपच्या ग्रुपवर फिरतोय. कुलंट म्हणजे सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशिनवर धातू कापताना हत्यार थंड ठेवणारं तेल-पाण्याचं मिश्रण. सल्ला चुकीचा आहे आणि ऑपरेटरच्या जिवाशी खेळणारा आहे.

सुट्टीत पंप बंद असतो. कुलंटवर तरंगणारं स्लाइडवे ऑइल (मशिनच्या सरकत्या भागांचं वंगण) हवा अडवतं, आणि हवेविना वाढणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. वास त्याचाच. ब्लीचमधला क्लोरीन तेलात आणि घाणीत लगेच खर्ची पडतो, पाइपातला चिकट थर तसाच राहतो. शिवाय इमल्शन फुटतं (तेल-पाणी वेगळं होतं), मशिनला गंज चढतो. कुलंटमधल्या अमाइन या रसायनांशी ब्लीचचा संयोग होऊन डोळे-घसा जाळणारे क्लोरामाइन बनतात, ते वेगळंच. फिनाईलही कुलंटसाठी बनलेलं नाही.

टाकी बिघडलीच असेल तर सिस्टम क्लीनर (टाकी-पाइप साफ करणारं द्रावण) फिरवा, रिकामी करा, तळाच्या चिप्स (धातूचा कीस) काढा, धुवा, मगच नवं भरा. पुढे तरंगतं तेल रोज काढा, रिफ्रॅक्टोमीटरने तीव्रता तपासा, पीएच साधारण ९ च्या आसपास ठेवा. बायोसाइड (जीवाणूनाशक) लागलंच तर कुलंट पुरवठादाराने सांगितलेलं, सांगितल्या मात्रेतच, हातमोजे आणि चष्मा घालून वापरा. मेलेल्या जीवाणूंचं एंडोटॉक्सिनही (त्यांच्यातला विषारी अंश) तुषारांतून फुप्फुसात जातं, म्हणून नुसता वास गेला म्हणजे कुलंट सुरक्षित झालं असं धरू नका.