झोपण्यासाठी जागरण

"आता मी कुडकुडत बसणार नाही. सगळं ऑटोमॅटिक करतोय. दुर्बीण जागेल, मी झोपेन," असं मी बायकोला जाहीर केलं. ती म्हणाली, "झोपायचंच असेल तर आत्ताही झोपता येतं." हौस नसलेल्या माणसाशी वाद घालू नये.

काम ऐकायला साधं आहे. आकाशातल्या एकाच लक्ष्याचे दुर्बिणीतून पाच-पाच मिनिटांचे ६० फोटो काढायचे आणि नंतर एकावर एक रचायचे. पण आकाश दर सेकंदाला १५ विकला (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक विकला) सरकतं, म्हणून माउंटने, म्हणजे दुर्बिणीखालच्या मोटरवाल्या बैठकीने, दुर्बीण फिरवत राहायची. माउंट चुकतो, म्हणून एका ताऱ्यावर नजर ठेवून त्याला सुधारायला दुसरा छोटा कॅमेरा. याला 'गाइडिंग' म्हणतात. गारठा वाढला की नळी आकसते, फोकस हलतो. आणि लक्ष्याने मध्यमंडल, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडलं की 'जर्मन' पद्धतीच्या माउंटवरची दुर्बीण उलटवून पलीकडे घ्यावी लागते, नाहीतर कॅमेरा तिपाईवर आदळतो. ही वेळ हटकून रात्री दोनच्या सुमाराला येते, म्हणजे मी पेंगत असतानाच. (याच छंदात कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष नंतर वजा करायला झाकण लावूनही मुद्दाम फोटो काढतात, त्यांना 'डार्क' म्हणतात. त्यामुळे झाकण काढायला विसरलो, तरी तोंड लपवावं लागत नाही.)

तर सॉफ्टवेअर. संगणकाला दुर्बीण-कॅमेऱ्याशी बोलायला लावणारी इथेही दोन घराणी आहेत. विंडोजवर ॲस्कॉम, लिनक्सवर इंडी. केस्टार्स या आकाशदर्शनाच्या प्रोग्रॅममधलं फोटोंचं एकोस रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही चालतं, पण त्यासाठी मला आधी लिनक्स शिकावं लागलं असतं. एएसआयएअर नावाची डबी फोनवरून चालते, मात्र खगोलकॅमेरा त्याच कंपनीचा लागतो आणि माझा नेमका दुसऱ्या घरचा. व्हॉयेजर, एपीटी, सिक्वेन्स जनरेटर प्रो या प्रोग्रॅमांचा मी रकान्यांवर रकाने आखून तक्ता केला. तीन लखलखीत, निरभ्र रात्री मी खोलीत बसून तो भरला. चौथ्या रात्री निर्णय झाला आणि आभाळ भरून आलं.

निवड निना या प्रोग्रॅमची झाली. फुकट, खुलं आणि सूचनांच्या पेटीत पेटी, तिच्यात आणखी पेटी. अंधार पडेपर्यंत थांब, तापमान बदललं तर फोकस कर, अमुक इतके फोटो झाले की पार्क कर, म्हणजे दुर्बीण मूळ जागी नेऊन थांबव. मी 'पार्क' दर फोटोला चालणाऱ्या फेऱ्याच्या आत ठेवलं. प्रत्येक फोटो झाला की दुर्बीण घरी जायची आणि पुढच्या फोटोला पुन्हा निघायची. चूक सर्वस्वी माझी. ती आपली निमूटपणे येरझाऱ्या घालत होती.

प्लेट सॉल्व्हिंगने तर माझा पार पाणउतारा केला. आकाशाचा एक फोटो, ताऱ्यांच्या यादीशी तुलना आणि काही सेकंदांत 'आपण इथे पाहतोय'. मी ताऱ्यावरून ताऱ्यावर उड्या मारत देवयानी दीर्घिका शोधायला वर्षं घालवली होती. त्यातल्या त्यात जवळचा वाटला तो गाइडिंगचा प्रोग्रॅम, पीएचडी. त्याचं मूळ नाव 'पुश हिअर डमी', म्हणजे 'ढ माणसा, इथे दाब'. एवढ्या सगळ्यांत मला पहिल्याच भेटीत ओळखणारा हाच.

शेवटी सगळं जुळलं. मी पांघरुणात, दुर्बीण बाहेर आणि तिचा पडदा माझ्या फोनवर. पण माउंटची चूक दाखवणारी गाइडिंगची रेघ जरा वर उडाली की माझा जीव खाली. दवाखान्यात पेशंटच्या उशाशी बसावं तसा मी दर वीस मिनिटांनी उठून बघत होतो. रेघ सपाट दिसली तर जास्तच धास्ती, सपाट का म्हणून. फोकस झाला का, दव पडलं का, माउंट वेळेवर उलटला का? बाहेर बसत होतो तेव्हा निदान डुलकी तरी लागायची.

परवा मात्र गाढ झोपलो. सकाळी नोंदी उघडल्या. चार फोटो, मग ढग. मग 'गाइड तारा सापडत नाही' ही एकच ओळ खालपर्यंत, आणि सरतेशेवटी 'पार्क'.

"काढले फोटो?" बायकोने विचारलं.

"चार."

"आणि झोप?"

"सात तास."

"मग चाललं की तुझं सॉफ्टवेअर."