‘द’वरून नॉर्मन ठरत नाही: वॉशिंग्टन आडनावाविषयीच्या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वॉशिंग्टन या आडनावावरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घराण्याच्या ज्ञात मूळ पुरुषाचे नाव विल्यम द हर्टबर्न असल्यामुळे ते नॉर्मन (१०६६ मध्ये फ्रान्समधील नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्यांचे) ठरते आणि आडनावाचा उगम नॉर्मंडीत शोधायला हवा होता, हा पहिला. आणि इंग्लंडमधील वॉशिंग्टन गावाला मी या घराण्याचे ‘मूळ गाव’ म्हटले ते चूक, हा दुसरा. दुसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य असून ते वाक्य मी दुरुस्त केले आहे. पहिला मात्र मान्य करता येत नाही.

उत्तर इंग्लंडमधील डरॅमचे बिशप ह्यू द प्युइसे यांच्या काळात, ११८३ मध्ये, बिशपच्या जमिनींची आणि त्यांवरून मिळणाऱ्या येणे-बाकीची लॅटिनमध्ये नोंद झाली. तिला ‘बोल्डन बुक’ म्हणतात. तीत असे आहे की विल्यमने हर्टबर्न गाव सोडून दिले, त्याच्या बदल्यात चर्च आणि चर्चची जमीन वगळून वॉशिंग्टन त्याच्याकडे आले, आणि त्यासाठी त्याने ४ पौंड द्यावेत व बिशपच्या मोठ्या शिकारीत ४ ग्रेहाउंड कुत्री घेऊन हजर राहावे. या नोंदीतला ‘द’ (de; देवनागरीत तो इंग्रजी ‘द’सारखा दिसतो, हे दुर्दैव) ‘अमक्या गावचा’ एवढेच सांगतो. कारकून तो कोणाच्याही नावापुढे लावत, मग तो माणूस कोणत्याही कुळातला असो. विल्यम हे नाव नॉर्मनांनी आणले हे खरे. पण १०६६ नंतरच्या शंभर वर्षांत ते इंग्रज घरांतही रुळले होते.

आपण ‘-कर’ आडनावांचा दाखला दिलात, तो इथे उलटा पडतो. आपल्याकडे गाव सोडून गेलेल्या माणसाला बहुधा जुन्या गावाचे नाव चिकटते. विल्यमच्या वंशजांना मात्र नव्या गावाचे नाव मिळाले: ते ‘द वेसिंग्टन’ झाले, कारण ओळख कुळाची नव्हे, ताब्यातल्या जमिनीची होती. त्या गावाचे नाव अँग्लो-सॅक्सन, म्हणजे नॉर्मनांआधीच्या इंग्रजांच्या भाषेतले, आहे. ह्वॅसा नावाच्या कोणा इसमाची वस्ती असा त्याचा अर्थ लावतात. धुण्याशी त्याचा काही संबंध नाही.

पुढे ‘द’ गळाला. घराण्याच्या एका शाखेतील लॉरेन्स वॉशिंग्टन या लोकरीच्या व्यापाऱ्याने १५३९ मध्ये नॉर्थँप्टनशायरमधील सल्ग्रेव्हची जहागीर विकत घेतली, आणि त्याच्याच वंशातील जॉन सतराव्या शतकाच्या मध्यास व्हर्जिनियात स्थायिक झाला. या जॉनचे पणतू जॉर्ज वॉशिंग्टन यांना लंडनहून आयझॅक हर्ड या वंशावळी व कुलचिन्हे पाहणाऱ्या राजदरबारी अधिकाऱ्याने वंशाविषयी विचारले, तेव्हा १७९२ च्या उत्तरात त्यांनी कबूल केले की या विषयाकडे आपण फारच थोडे लक्ष दिले आहे. पूर्वज लँकेशायरचा, यॉर्कशायरचा की आणखी उत्तरेकडचा, हे नेमके आठवत नाही. यॉर्कशायरच्या उत्तरेला लागूनच डरॅम आहे.