दुधाचे दात आणि रात्रपाळी

इचलकरंजीत आमचा कट्टा म्हणजे बंद पडलेल्या एका सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्याच्या, भिंतीला लागून असलेला ओटा. समोर चहाची टपरी, मागं यंत्रमागांचा खडखडाट. त्या सोमवारी दत्ता आला आणि चहाला नको म्हणाला. तेव्हाच इर्शादनं ओळखलं.

"काय झालं गा?"

"पोरीचे दात. चार वर्षांची हाय, वरचे पुढचे चारी काळे, दाढंत खड्डे. रात्री रडत उठती. डॉक्टर म्हणतोय दोन दाढांचं रूट कॅनल, वर टोप्या. 14 हजार."

"दुधाच्या दातांचं रूट कॅनल?" बंड्या हसायलाच लागला. "भावा, पडणारच हायत ते. पाडायच्या घराला कोण रंग देतंय?"

माझ्या ताईचा दातांचा दवाखाना आहे आणि संध्याकाळी तिथं नंबर लावायला मी बसतो. तेवढ्यावर कट्टा मला अर्धा डॉक्टर समजतो. मी नाही, पण बंड्याचं हे वाक्य मात्र काउंटरवर इतक्यांदा ऐकलंय की उत्तर पाठ झालंय. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, मान्य. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत असतात. म्हणजे पोरीनं आणखी सहा-सात वर्षं चावायचं कशानं? आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागं गुपचूप एक दाढ उगवते. ती पक्की, आयुष्यभराची. पण तिच्यासाठी काही पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. दुधाचीच समजून तीही किडू देतात.

बंड्या गप्प बसणारा नव्हेच. "मग चॉकलेट कशाला देता एवढं?"

"आमच्यात चॉकलेट येतच न्हाई," दत्ता चिडला. "गूळ देतो आम्ही."

गूळ! काळे सर खळखळून हसले. सर प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेत, त्यामुळे कुणालाही धडा घ्यायला लावतात. "दिवस सांग पोरीचा. सकाळपासून."

दत्तानं सांगितला. उठल्यावर चहात बुडवून बटर. अकराला बिस्किटं. दुपारी जेवण, बरोबर आजीनं दिलेला गुळाचा खडा. कंटाळली की पाच रुपये घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात, तिथं कसली तरी पुडी नाहीतर रंगीत सरबताची पिशवी. संध्याकाळी परत चहा. झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली, ती तोंडात धरूनच झोपते.

"सहा वेळा झालं," सर म्हणाले.

इथं मला तोंड उघडावंच लागलं, कारण दवाखान्यातही सगळे 'किती साखर' एवढंच विचारतात. खरा प्रश्न 'किती वेळा' हा आहे. दातांवरचे जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात, लाळ ते हळूहळू निवळवते. त्याला अर्धा तास तरी जातो. दर तासाला काहीतरी तोंडात पडत राहिलं की लाळेला तिची पाळीच मिळत नाही. आणि झोपेत तर लाळ अगदी कमी होते, बाटलीतलं दूध रात्रभर वरच्या दातांवर साचून राहतं. खालचे पुढचे दात बघा, बहुतेक पोरांचे वाचलेले असतात. त्यांच्यावर जीभ असते आणि लाळही तिथंच जमते.

स्वीडनमध्ये लुंड गावाजवळच्या एका संस्थेत 1945 पासून काही वर्षं हा प्रयोगच झाला होता. जेवणाबरोबर साखर दिली तर दात फारसे किडले नाहीत. दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफी दिली तेव्हा धडाधड किडले.

"दिली कुणाला?" सरांनी विचारलं.

तिथं ठेवलेल्या मतिमंद माणसांना. त्यांना कोण विचारतंय. कट्टा क्षणभर शांत झाला. त्यांचे दात घालवून मिळालेलं हे ज्ञान आहे, आणि ते सांगताना मला दर वेळी कसंतरीच होतं. पुढं स्वीडनमध्ये मुलांना गोड फक्त शनिवारी द्यायची पद्धत रुजली.

"आमचा शनिवारी उपास असतो," बंड्या म्हणाला. कुणी हसलं नाही. मग तो मूळपदावर आला. "एवढं सगळं आईनं बघायला नको? लक्षच नसतं बायकांचं."

दत्ता उठलाच. त्याची बायको सकाळी आठपासून यंत्रमागाच्या कांड्या भरायला, म्हणजे त्यांवर सूत गुंडाळायला जाते, संध्याकाळी सातला येते. तो स्वतः एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. पोरगी दिवसभर आजीजवळ. आजीचे गुडघे गेलेत; पोर रडलं की उचलून फिरवणं जमत नाही, डब्यातलं बिस्किट देणं जमतं. यात लक्ष नसणारी आई कुठली?

माझं मत विचाराल तर बंड्याचा हा मुद्दा सगळ्यात खोटा, आणि सगळ्यात चालतो. पोराचं तोंड उघडलं की दवाखान्यात आलेली आत्यासुद्धा आईकडंच बघते. बापाला "तू शेवटचा ब्रश कधी केलास पोराचा?" असं विचारलेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

"ब्रश ती स्वतःच करती की," दत्ता म्हणाला. "आजी मशेरी लावत बसली की ही शेजारी बसून ब्रश चघळती."

चघळते, बरोबर शब्द आहे. सात-आठ वर्षांपर्यंत पोराच्या हाताला ते वळणच नसतं. मोठ्यानंच घासायचं. ज्याला शर्टाची बटणं धड लावता येत नाहीत त्याला दाढेमागं ब्रश फिरवता येईल का?

इर्शादचं मेडिकल आहे, त्याला वेगळंच बोलायचं होतं. खोकल्याची, तापाची गोड औषधं. झोपायच्या आधी चमचाभर पाजायचं आणि तसंच झोपवायचं. घोटभर पाणी पाजा म्हटलं तरी कुणी ऐकत नाही. आणि चित्रवाल्या टूथपेस्ट: "फ्लोराइड हाय का न्हाई, पाठीमागं वाचूनच घ्या. किडीपासनं दात तेच वाचवतंय. काहींत नसतं. 1000 पीपीएम, म्हंजे दहा लाख भागांत हजार भाग, लिहिलेलं पाहिजे."

सरांनी लगेच अडवलं. यवतमाळ, चंद्रपूरकडं विहिरी-बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं दातांवर डाग पडतात, हाडं वाकतात, हे त्यांनी वाचलेलं. शंका रास्त आहे. पण ते रोज पोटात जाणारं पाणी. पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढं वाटाण्याएवढी, आणि ती थुंकायची. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पट्टा दाखवतात तसं नव्हे.

"अंगणवाडीत डॉक्टर येतात की," सर म्हणाले. ते खरंच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातनं दोनदा येतं, दातही तपासण्यात आहेत. दत्ताच्या पोरीला गेल्या वर्षी चिठ्ठी मिळालीही होती. पण सरकारी दवाखान्यात जायचं तर दोघांपैकी एकाचा खाडा. चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत राहिली.

"तेव्हा नुसत्या पांढऱ्या रेघा होत्या हिरड्यांजवळ," दत्ता हळूच म्हणाला. "मला वाटलं दूधच लागलंय."

हे ऐकून मला वाईट वाटलं. त्या पांढऱ्या रेघा म्हणजे किडीची पहिली पायरी. तेव्हा बाटली सुटली असती, फ्लोराइडचा लेप लागला असता तर परत फिरता आलं असतं. महिन्यातनं एकदा पोराचा वरचा ओठ उचलून बघायचा, एवढंच. त्याला पैसे लागत नाहीत.

बंड्यानं आता पवित्रा बदलला. "मग आजपासनं तूच घास की रात्री."

"ह्या आठवड्यात रात्रपाळी हाय. आठला कारखान्यात, पोरगी झोपती दहाला."

"मग साडेसातला घास."

"नऊला आजी दूध देती."

घासल्यावर फक्त पाणी, असं मी म्हणालो. मग दूध सातला, वाटीनं, बिनसाखरेचं, असं इर्शादनं ठरवून टाकलं.

"सातला आईची मालिका असती," दत्ता म्हणाला. "तवा ती कुणाचं ऐकत न्हाई."

सरांनी घड्याळ बघितलं. सव्वासात झाले होते. दत्ता चप्पल सरकवत उठला. बायको आता घरी आली असेल, तिला सांगून जातो म्हणाला.

"तिला कशाला?" इर्शाद ओरडला. "तू घासून जा की! पंधरा मिनिटं हायत."