पिकाचूचं इंग्रजी आणि निशि-कासाईचा कट्टा

शनिवारी संध्याकाळी निशि-कासाई स्टेशनजवळच्या बागेत आमचा कट्टा भरतो, टोकियोत आलो तरी सवय काही सुटत नाही. ह्या वेळी विषय माझ्याच लेकीचा निघाला. ती इथल्या सरकारी शाळेत तिसरीला आहे, इंग्रजीच्या तासाला बाईंनी पोकेमॉनची चित्रं अर्धी झाकून "व्हॉट्स धिस?" असा खेळ घेतला आणि पोरगी घरी येऊन झोपेपर्यंत तेच बोलत होती.

नाशिकचा दादा लगेच म्हणाला, कार्टून घरी बघतातच की, शाळेने जरा पाया पक्का करावा, व्याकरण शिकवावं.

मी म्हटलं दादा, तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तास, आठवड्याला एक, तो पण ४५ मिनिटांचा, म्हणजे सगळे मिळून २६ तास! पाचवी-सहावीला २०२० पासून रीतसर विषय झालाय, तिथे ७० तास आहेत, पण तिसरीत व्याकरण काय डोंबल शिकवणार, आधी पोरांचं तोंड तरी उघडू दे. आपल्याकडची पोरं डोरेमॉन बघून हिंदी बोलायला लागली, कोणी शिकवलं होतं त्यांना?

इथे मला वहिनींनी अडवलं. त्या एएलटी आहेत, म्हणजे वर्गाच्या शिक्षकांना इंग्रजीच्या तासाला मदत करतात. त्या म्हणाल्या, अरे ती पोरं रोज दोन-दोन तास डोरेमॉन बघत होती, तुझे २६ तास त्यांचे दोन आठवड्यांत होतात, वर्गातल्या खेळाने तेवढं होणारच नाही, फार तर पोराला घरी जाऊन इंग्रजीतून काहीतरी बघावंसं वाटेल. हे मला पटलं, मी उगाच हिशोब न करता बोललो होतो.

पण मग त्यांनीच जे सांगितलं ते मला फार आवडलं. जपानी पोरं ज्या पोकेमॉनला हितोकागे म्हणतात तो इंग्रजीत चारमँडर. त्या वर्गात विचारतात, असं का? हि म्हणजे आग आणि तोकागे म्हणजे सरडा हे पोरांना माहीतच असतं, मग चार म्हणजे भाजून काळं होणं, सॅलमँडर हा सरड्यासारखा दिसणारा प्राणी, एवढं सांगितलं की पोरं स्वतःच विचारतात, झेनिगामेचं काय? तो स्क्वर्टल, स्क्वर्ट म्हणजे पिचकारी आणि पुढे टर्टल, कासव. एका नावात दोन शब्द, आणि पाठ करायला कोणी सांगितलेलंच नसतं!

दादा काही हटेना. "आणि उच्चार? मॅकडोनाल्डचं माकुदोनारुदो होतं इथे." त्याचंही खरंय. इंग्रजी शब्द पोरांपर्यंत कताकानातूनच, म्हणजे परदेशी शब्द लिहायच्या जपानी लिपीतूनच येतात, त्यामुळे आपल्याला येतंय असंच वाटतं त्यांना, आणि पोकेमॉनने ते सुटत नाही.

मग इतका वेळ गप्प बसलेला आमचा सोलापूरकर बोलला. आमच्या घरी गेम नाही, मुद्दाम घेतला नाही, आणि तसल्या तासाला माझा मुलगा कोपऱ्यात बसून राहतो, बाकीचे ओरडतात आणि ह्याला एक नाव येत नाही. ह्यावर कोणालाच पटकन बोलता येईना. मला वाईट वाटलं, कारण माझी लेक ओरडणाऱ्यांतली होती आणि हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता.

वहिनी म्हणाल्या, म्हणून मी पिकाचूवरच थांबत नाही, "व्हॉट डू यू लाइक?" विचारायचं आणि पोराला त्याचं त्याचं आणू द्यायचं, कोणी बेसबॉल आणतं, कोणी किडे. त्यांनी पोराला हाक मारली आणि तेच विचारलं.

तो जरा थांबला, तोझाई लाइनच्या मेट्रोच्या वरच्या पुलाकडे बोट केलं, म्हणाला, "आय राइकु तोझाई राइन!"

दादा लाइक-लाइन सुधारायला पुढे झाला, मी त्याचा हात धरला, कारण पोरगा अजून बोलत होता, "इट्स ब्रू, इट्स फास्ट", डब्यावरच्या निळ्या पट्ट्याबद्दल.